झोपेत जागं कोण

आसूदच्या उतारावर एसटीचं इंजिन बंद पडलं आणि सगळी गाडी जागी झाली.

धक्का-बिक्का काही बसला नव्हता. ड्रायव्हरने गाडी अलगद कडेला घेतली, एवढंच. दापोली सोडल्यापासून माणसं माना टाकून झोपली होती. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला उकाडा, हर्णैकडे जाणारी शेवटची गाडी, पायात बाजाराच्या पिशव्या. खड्ड्यांनी कुणी उठलं नव्हतं. मागच्या बाकाखाली कुणाचा तरी स्टीलचा डबा इकडून तिकडे गडगडत होता, त्यानेही नाही. समोरून आलेल्या डंपरने कान फाटतील असा हॉर्न मारला तेव्हा (हे मला अर्धवट आठवतं) पुढच्या बाकावरच्या आजींनी फक्त पदर तोंडावर ओढून घेतला. आणि आता, आवाज थांबल्याबरोबर, पटापट माना वर झाल्या. "काय झालं?" "कुठं आलो?" एक तान्हं बाळ रडायला लागलं. मीही दचकून उठले. मांडीवरची फाइल खाली घसरली होती. पुण्याहून सहामाही प्रगती अहवाल सादर करून परत येत होते, त्याची.

शेजारी बसलेले गृहस्थ फाइल उचलून देत हसले. हर्णैच्या एका ट्रॉलरवर ते तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत, त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे अकरावी-बारावीला संस्कृत शिकली. "बोटीवर पण असंच होतं, बाई," ते म्हणाले. "इंजिन चालू असतं तेव्हा आम्ही मेल्यासारखे झोपतो. वर पोरं जाळं ओढतात, आरडाओरड करतात, काय नाय ऐकू येत. पण इंजिन बंद पडलं की त्याच मिनिटाला उठून बसतो. सगळे. कुणी उठवायला लागत नाय." थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "पोरगी सांगत होती, तुम्ही झोपेवर पीएच.डी. करताय. मग मला एक सांगा. आवाज थांबला हे कळायला आधी आवाज ऐकत असायला पाहिजे ना? मग झोपेत ऐकत कोण होतं? आणि तो ऐकत होता, तर झोपला होता तो कोण?"

मी म्हणाले, "त्यावर बरीच मतमतांतरं आहेत."

"असणार," ते म्हणाले. फार अदबीने म्हणाले. तेवढ्यात कंडक्टर टॉर्च घेऊन खाली उतरला, पाठोपाठ माणसं उतरली, आम्हीही उतरलो. खाली सुपारीच्या बागांतून गारवा वर येत होता, कुठेतरी पाटाचं पाणी वाहत होतं. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली आणि हर्णै येईपर्यंत पुन्हा सगळे झोपले. मी सोडून.

त्या उत्तराची मला नंतर जी लाज वाटली ती लगेच वाटली नाही, तीन दिवसांनी वाटली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तपासायला काढलं होतं, शुद्धलेखनासाठी. पान 94 वर प्रश्नोपनिषदातलं अवतरण होतं, मीच टाइप केलेलं, मीच अनुवाद केलेला: 'कानि स्वपन्ति कान्यस्मिञ्जाग्रति', या पुरुषात झोपतं ते काय आणि जागं राहतं ते काय? सौर्यायणी गार्ग्याने पिप्पलाद ऋषींना विचारलेला हा चौथा प्रश्न. त्याखाली पावणेदोन पानं माझं विवेचन. शांकरभाष्य, तळटिपा, सगळं जागच्या जागी. हा मंत्र मला पाठ आहे. स्वप्नात विचारला तरी म्हणून दाखवीन. आणि तोच प्रश्न एका माणसाने आसूदच्या उतारावर, माझ्या शेजारी बसून, मला विचारला तेव्हा मी तो ओळखला नव्हता.

सहा वर्षं झाली या कामाला. 2019 साली नोंदणी केली तेव्हा मी एक्केचाळीसची होते. महिलांना नियमाने दोन वर्षं जास्तीची मिळतात म्हणून अजून मुदतीत आहे, नाहीतर केव्हाच बाद झाले असते. विषय मी साधा मांडला होता: उपनिषदांतला सुषुप्तिविचार, म्हणजे गाढ झोपेचा विचार, मांडूक्य आणि बृहदारण्यक मुख्य धरून. समितीतल्या एका सदस्यांना तो फार जुनाट वाटला. "जाणीव घाला त्यात. आधुनिक विज्ञान घाला. आंतरविद्याशाखीय करा," असं म्हणाले. दुसऱ्यांना उलट भीती, की मी आता ऋषींना मेंदूच्या लहरी आधीच माहीत होत्या वगैरे लिहीन. मधला मार्ग म्हणून शीर्षक एवढं लांब झालं, की ओळखपत्रावर ते मावलं नाही. गावात मात्र ते दोनच शब्दांत पोचलं, झोपेवर पीएच.डी. नवऱ्याचे मित्र पारावर बसून म्हणतात, "त्यात काय शिकायचं? आम्ही सगळे त्यातले डॉक्टरच." सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की म्हणतात, "चल गो, तुझा अभ्यास करते जरा." खरी गंमत वेगळीच आहे. झोपेवर लिहायला लागल्यापासून मला धड झोप नाही. कॉलेज, घर, मुलाची दहावी, आणि मग रात्री अकरानंतर गौडपाद. मांडूक्य उपनिषद अवघं बारा मंत्रांचं. त्यावर गौडपादांच्या कारिका, म्हणजे विवरणाचे श्लोक, 215. त्यावर भाष्य, भाष्यावर टीका. पहाटे दोनला डोळ्यांत वाळू भरल्यासारखी होते तेव्हा समोर पाचवा मंत्र असतो: जिथे झोपलेला कसलीही इच्छा करत नाही, कसलंही स्वप्न पाहत नाही, ती सुषुप्ती. हेवा वाटतो.

पण ही आवड कुठून आली विचाराल तर ती कॉलेजातून आलेली नाही. माझं आजोळ केळशीचं. आईचे वडील याज्ञिकी करत आणि पडवीत चार-पाच मुलांना ऋग्वेदाची संथा देत. आजोबा एकदा म्हणायचे, मुलं दोनदा. पुन्हा आजोबा एकदा, मुलं दोनदा. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी जेवणं झाली की आम्हा नातवंडांना माजघरात सारवलेल्या जमिनीवर आडवं करायचे. गालाला गार जमीन लागायची, तिला शेणाचा नि मातीचा मिळून एक वास असायचा, आणि भिंतीपलीकडून ती लाट यायची. वर चढलेला स्वरित, खाली उतरलेला अनुदात्त, पुन्हा सपाट. एक शब्द कळत नसे. त्यात पाचव्या मिनिटाला झोप लागायची. आणि संथा थांबली की जाग यायची. दर वेळी. आपोआप. कारण संथा संपली की फणस फोडला जायचा, आणि उशीर केला तर कापा गरा मिळत नसे, बरका उरायचा. आता आठवतं, तेव्हा कुठल्याच मोठ्या माणसाला याचं नवल वाटलेलं नव्हतं, की झोपलेली पोरं आवाजाने न उठता आवाज थांबल्यावर कशी उठतात. मलाही वाटलं नाही. तांडेलांना वाटलं.

मला कुणी संथा दिली नाही, हे ओघाने आलंच. मुलींना देत नसत. पण झोपेत म्हणा, झोपेच्या अलीकडे-पलीकडे म्हणा, अर्धंअधिक पुरुषसूक्त माझ्या कानात जाऊन बसलं होतं. एकदा विहिरीवर पोहरा सोडताना मी ते गुणगुणत होते आणि आजोबा मागे उभे होते. मी गप्प झाले. ते रागावले नाहीत. "तो स्वर खाली घे," एवढंच म्हणाले आणि एका अक्षरावर स्वतः म्हणून दाखवलं. संध्याकाळी आजीला सांगत होते, "हिचा कान चांगला आहे." त्या एका वाक्यावर मी पुढची तीस वर्षं काढली असं म्हटलं तर ते नाटकी वाटेल, पण फारसं खोटं नाही. आणि त्याच वाक्याचा रागही येतो. कान चांगला आहे हे ठाऊक होतं तर मग मला पडवीत का नाही बसवलं? आजोबा जाऊन एकोणीस वर्षं झाली. कुणाला विचारणार? गेल्या वर्षी प्रबंधाच्या एका प्रकरणाचा साम्य-अहवाल, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का हे सांगणारा, आला तेव्हा मला त्यांची फार आठवण झाली. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर गेलं की पायऱ्या पायऱ्यांनी कारवाई. माझ्या प्रकरणात मंत्र इतके होते, की ते सॉफ्टवेअर गडबडलं आणि पानंच्या पानं लाल झाली. अवतरणं वगळल्यावर सुटले. पण आजोबांची सगळी विद्या शंभर टक्के साम्याचीच होती. एक स्वर इकडचा तिकडे झाला नाही, हीच त्यांची गुणवत्ता. आणि मला पदवी मिळणार ती मौलिक योगदानासाठी.

असो. मूळ गाडं जिथे अडलंय ते सांगते, कारण ते एका वाक्यावर अडलंय. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, 'सुखमहमस्वाप्सं न किञ्चिदवेदिषम्'. छान झोपलो, काही कळलं नाही. जगातल्या कुठल्याही घरात सकाळी म्हटलं जाणारं वाक्य, आणि त्यावरून आपल्याकडे शेकडो वर्षं भांडण चाललं. वेदान्ती म्हणतात, काहीच कळलं नाही तर 'छान' हे कुणी ठरवलं? 'काही कळलं नाही' हे तरी कुणाला कळलं? ही आठवण आहे, आणि अनुभव घेतल्याशिवाय आठवण नसते, म्हणजे झोपेतही कुणीतरी साक्षी होता. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, म्हणतात, कसली आठवण? उठल्यावर अंग हलकं आहे, डोकं शांत आहे, त्यावरून केलेलं ते अनुमान आहे. पाऊस पडताना पाहिला नाही, पण सकाळी अंगण ओलं दिसलं, तसं. दोन्ही बाजू वाचताना मला दोन्ही पटतात, ही संशोधक म्हणून माझी मोठी अडचण. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, "भूमिका घ्या." मी सासूबाईंचं निरीक्षण करते. त्या सकाळी उठल्या की पहिलं वाक्य असतं, "छान झोप लागली." चहाच्या आधी, अंग मोडायच्या आधी, अजून डोळे पुरते उघडलेले नसताना. अनुमान करायला लागतो तेवढा वेळही त्या घेत नाहीत. यावर सर म्हणाले, सासूबाई हे प्रमाण होऊ शकत नाही. खरं आहे.

2022 मध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "गाव कुठलं?" मी 'आंजर्लं' म्हणायला गेले. 'आं' म्हटल्याचं आठवतं. पुढच्या क्षणी कुणीतरी माझ्या गालावर थोपटत होतं आणि घशात काट्यासारखं टोचत होतं. मध्ये अडीच तास गेले होते म्हणे. मला ते गेल्यासारखे वाटलेच नाहीत. गाढ झोपेतून उठलं तर निदान एवढं असतं, की मध्ये काहीतरी होतं, रात्र होती, आपण कुठेतरी जाऊन आलो. इथे काहीच नव्हतं. कापून जोडलेली दोन टोकं. दुसऱ्या दिवशी सलाइन लावलेल्या हाताने मी मोबाइलवर ब्रह्मसूत्रं शोधत होते, नर्स ओरडेपर्यंत. तिसऱ्या अध्यायात एक सूत्र आहे, 'मुग्धेऽर्धसम्पत्तिः परिशेषात्'. मूर्च्छा म्हणजे जागेपण नव्हे, स्वप्न नव्हे, सुषुप्ती नव्हे, मरणही नव्हे. मग उरते ती अर्धीमुर्धी अवस्था. त्यावर शंकराचार्य तपशील देतात, की झोपलेल्याचा चेहरा प्रसन्न असतो, श्वास एका लयीत चालतो, हाताने हलवलं की तो उठतो. मूर्च्छित माणूस मुद्गराचा घाव घातला तरी उठत नाही. हे पूर्वी दहा वेळा वाचलं होतं, वर्गीकरण म्हणून. आचार्यांनी कुणाचा तरी झोपलेला चेहरा वाकून पाहिला असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

बृहदारण्यकात तर सरळसरळ प्रयोगच आहे. बालाकी नावाचा गर्विष्ठ विद्वान, गार्ग्यच तोही पण वेगळा, काशीच्या अजातशत्रू राजाला ब्रह्म शिकवायला जातो आणि तोंडघशी पडतो. मग राजा त्याचा हात धरून त्याला एका झोपलेल्या माणसापाशी नेतो. त्या माणसाला मोठमोठ्या नावांनी हाका मारतो: हे महाना, हे शुभ्रवस्त्रधारी, हे सोमराजा! तो उठत नाही. मग हाताने दाबून हलवतो, तेव्हा उठतो. राजा विचारतो, हा झोपला होता तेव्हा हा जाणता पुरुष कुठे होता? आणि आता कुठून आला? बालाकीला सांगता येत नाही. आता 1960 सालाकडे या. ब्रिटनमध्ये इयन ऑस्वल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना टेपवरून नावांची मालिका ऐकवली आणि मेंदूचा आलेख काढला. परकी नावं तशीच निघून गेली, स्वतःचं नाव आलं की आलेखात उसळी दिसली. म्हणजे अजातशत्रूने चुकीच्या नावाने हाक मारली, असं मी गमतीत लिहिलं होतं, ते सरांनी खोडलं. बरं केलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात, एकीवर दुसरी चढवू नये, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. प्रज्ञानघन (उपनिषदातलं गाढ झोपेचं वर्णन) म्हणजे डेल्टा लहरी आणि तुरीय (त्यापलीकडची चौथी अवस्था) म्हणजे अमुक लहरी, अशी कोष्टकं फॉरवर्ड होऊन माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतं, बहुतेक वेळा नातेवाइकांकडून, खाली नमस्काराचे हात. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी सेकंदाला चारपेक्षा कमी होतात हे खरं. पण त्या मोजणारा जागा आहे. उपनिषद ज्याच्याबद्दल बोलतंय तो झोपलाय. दोघांना एकाच कोष्टकात बसवणं हा दोघांचाही अपमान आहे. दुसऱ्या टोकाचे लोकही मला झेपत नाहीत. "हे कसलं संशोधन, त्यापेक्षा काजूच्या रोगांवर करा," असं एक जण भर लग्नात म्हणाले. काजूवर संशोधन व्हायला हवंच. दापोलीत त्यासाठी आख्खं कृषी विद्यापीठ आहे.

तांडेलांचा प्रश्न मी सरांना फोनवर सांगितला. सर म्हणाले, बसमधली डुलकी म्हणजे सुषुप्ती नव्हे. अगदी बरोबर. हलक्या झोपेत कान उघडे असतात, त्यात नवल नाही. मी म्हटलं, पण बोटीवर दोन दिवसांचे थकलेले खलाशी मेल्यासारखे पडलेले असतात, तेही उठतात. सर म्हणाले, "मोजलं आहे कुणी?" मोजलेलं नाही. मग ते थोडे मऊ झाले आणि म्हणाले, "पिप्पलादांनी काय उत्तर दिलंय?" दिलंय ना. 'प्राणाग्नय एवैतस्मिन्पुरे जाग्रति'. सगळी इंद्रियं मनात गोळा होतात, मावळत्या सूर्याचे किरण त्याच्यात परत जावेत तशी. तेव्हा हा ऐकत नाही, पाहत नाही, हुंगत नाही, आणि या नगरात जागे राहतात ते फक्त प्राणांचे अग्नी. अपान हा गार्हपत्य, व्यान हा दक्षिणेकडचा, प्राण हा आहवनीय. अग्निहोत्राचं रूपक म्हणून हे मी प्रकरणात सोडवलं होतं. आता पुन्हा वाचताना केळशीची आजी दिसली. रात्री सगळं आवरल्यावर ती चुलीतला एक निखारा राखेखाली पुरून ठेवायची. वरून हात लावला तर राख गार. सकाळी फुंकर घातली की आत लाल. रात्रभर घर झोपलेलं असायचं आणि तो एकटा जागा. आजीला अग्निहोत्र माहीत नव्हतं, तिची काडेपेटी वाचायची.

पण तांडेलांच्या प्रश्नाला हे पुरतं का? गार्ग्याला पुरलं असेल. 'ऐकत नाही' असं पिप्पलाद स्पष्ट म्हणतात. तांडेल म्हणतात, मग थांबलं ते कळलं कसं?

पिप्पलादांची एक गोष्ट मला फार आवडते. सहा जण हातात समिधा घेऊन प्रश्न विचारायला आले, तर ते म्हणाले, अजून एक वर्ष इथे राहा, मग हवे ते प्रश्न विचारा. आम्हाला ठाऊक असेल तर सगळं सांगू. 'यदि विज्ञास्यामः'. ठाऊक असेल तर! आमच्या समितीपुढे असं वाक्य उच्चारायची माझी तरी छाती नाही. 1998 मध्ये क्रिस्टॉफ कॉक या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती, की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण नेमकी सापडेल. 2023 मध्ये न्यूयॉर्कला, भर सभेत, कॉकने हार मान्य केली आणि वाइनची पेटी चाल्मर्सच्या हवाली केली. मला त्या बातमीने कुठलाही स्वदेशी आनंद झाला नाही, जो आमच्या एका ग्रुपवर बऱ्याच जणांना झाला. हरलो म्हणून सांगायला उभा राहिलेला माणूस मला पिप्पलादांच्या जवळचा वाटला. मी मात्र 'मतमतांतरं आहेत' म्हणाले होते.

जूनच्या मध्यावर त्या मुलीचा मेसेज आला. ती आता रत्नागिरीला बी.ए. करते, सुट्टीत घरी आली होती. कुठली तरी नोट्सची वही हवी होती. शेवटी सहज लिहिलं होतं: 'बाबांना झोप नाही. दरवर्षीचं आहे. मासेमारी बंद झाली की पहिले पंधरा दिवस असंच. इंजिन नाही ना. मिक्सर लावून ठेवू का विचारतात.' पुढे हसण्याची चित्रं. 1 जून ते 31 जुलै बोटी वर ओढलेल्या, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या, आणि पाजपंढरी-हर्णैच्या गल्ल्यांत वर्षाचे दहा महिने इंजिनाच्या उशीवर झोपणारे किती तरी तांडेल आणि खलाशी टक्क जागे. पतंजली झोपेची व्याख्या करतात: 'अभावप्रत्ययालम्बना वृत्तिर्निद्रा'. अभावाची जाणीव हे जिचं आलंबन आहे, अशी वृत्ती. झोप म्हणजे काहीच नसणं नव्हे. तिलाही धरायला काहीतरी लागतं. हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. आलंबन म्हणजे आधार, मुलांनो. लिहून घ्या.

आणि मग निसर्ग चक्रीवादळानंतरचे दिवस आठवले, जे मी सहसा आठवत नाही. 3 जून 2020. दुपारभर वारा होता आणि संध्याकाळी आमच्या मागीलदारी आकाश दिसत होतं, जे त्या घरात कधी कुणाला दिसलं नव्हतं. सुपारी, नारळ, सासऱ्यांनी लावलेले आंबे, सगळं आडवं. निम्मी कौलं उडालेली. माझी दोन वर्षांची टिपणं एका ट्रंकेत होती, त्यावर फणसाची फांदी पडली म्हणून वाचली की म्हणून भिजली, अजून ठरवता येत नाही. कित्येक आठवडे वीज नव्हती. त्या काळात, कुठेही, कशीही, उभ्याउभ्यासुद्धा झोपू शकणाऱ्या सासूबाई रात्री अंथरुणावर बसलेल्या दिसायच्या. मला वाटलं नुकसानीचा घोर असेल. तो होताच. पण एका रात्री मी पाणी दिलं तेव्हा म्हणाल्या, "बाग ऐकू येत नाही गो." त्या घरात येऊन त्यांना बावन्न वर्षं झाली होती. बावन्न वर्षं रात्रभर झावळ्या एकमेकींवर घासत होत्या. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की झोपल्यावर मला काही ऐकू येत नाही. मी तेव्हा हे कुठेही टिपून ठेवलं नाही. प्रबंधाचा आणि त्याचा काही संबंध आहे असं वाटलंच नाही. त्या वर्षी मी एक ओळही लिहिली नाही, रोपं लावली.

परवा तांडेल बाजारात भेटले. छत्री तिरकी धरून उभे होते, एका हातात पालेभाजी. मी त्यांना प्रश्नोपनिषदाबद्दल सांगितलं. तुमचा प्रश्न फार जुना आहे, एका ऋषींना विचारला होता. पावसात, भाजीवालीच्या निळ्या ताडपत्रीखाली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "मग काय सांगितलं त्यांनी?" मी निखाऱ्याचं सांगितलं, आजीच्या चुलीसकट. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले, "पण निखाऱ्याला कान नसतात." मी म्हटलं, "मला नाही माहीत." ते हसले, आणि कोथिंबिरीचा भाव विचारायला लागले.

काल रात्री पाऊस असा कोसळत होता, की कौलांवर दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटचं प्रकरण उघडून बसले होते, उपसंहार, दोन ओळींच्या पुढे सरकत नव्हता. केव्हातरी दिवा घालवून आडवी झाले. आणि एकदम डोळे उघडले. अंधार. काहीतरी नव्हतं. मग पागोळ्यांचा एकेक थेंब वेगवेगळा ऐकू यायला लागला, पन्हाळाखालच्या घंगाळात. पलीकडच्या खोलीतून आवाज आला.

"पाऊस थांबला का गो?"

"हो, आई."

"मगाशीच जाग आली. छान झोप लागली होती बघ."

मोबाइलवर सव्वातीन वाजले होते. दोन मिनिटांत त्या पुन्हा घोरायला लागल्या. मी उशाजवळची वही ओढली आणि पेन चाचपत होते, ते सापडायच्या आत मागीलदारी नवीन लावलेल्या माडांवर सर यायला लागली. आधी लांबून, मग अंगणात, मग कौलांवर. पुढचं मला आठवत नाही.